पाचव्या बटणाचं नाव

आमच्या साडूभाऊंइतका आकड्यांवर डूख धरलेला माणूस पनवेल तालुक्यातच काय, अख्ख्या कोकणपट्टीत शोधून सापडायचा नाही. आणि गंमत अशी की हा गृहस्थ पोटासाठी दिवसभर आकड्यांचंच यंत्र चालवतो. तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात शीतगृहांचं तापमान सांभाळणाऱ्या पेट्या बनतात, त्या पेट्यांच्या पोटात जो कॉम्प्युटर असतो तो साडूभाऊंच्या ताब्यात. माझी बायको धाकटी आणि त्यांची थोरली, म्हणून नात्यानं ते मोठे. पण मी शाळेत भूगोल शिकवतो एवढ्या भांडवलावर ते मला ‘मास्तर’ म्हणतात आणि मान देतात. मान देतात म्हणजे कुठलाही नवा शोध लागला की पहिला फोन मला करतात. शोध रोज लागतो.

आकडा दिसला की त्यांचा चेहरा आंबट होतो. डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट पुढं केला तर हे कागद परत सारतात आणि म्हणतात, “आकडा राहू द्या, मी बरा आहे की बिघडलोय तेवढं शब्दांत सांगा.” एकदा एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही मिसळ खायला बसलो होतो. वेटर आत बघून ओरडला, “चार नंबर, दोन मिसळ!” झालं. साडूभाऊ ताडकन उठले. “चार नंबर कोण? आम्हाला आईबापांनी नावं ठेवलीयत!” गल्ल्यावरचा मालक शांतपणे म्हणाला, “साहेब, नाव कळलं तरी टेबल कुठलं ते पोऱ्याला कसं कळणार?” साडूभाऊंचे डोळे लकाकले. “मग टेबलाला नाव द्या!” मी मान खाली घालून पाव मोडत राहिलो. पुढच्या खेपेला गेलो तर वेटर ओरडला, “खिडकीवाले, दोन मिसळ!” त्या दिवशी साडूभाऊंनी तर्रीसुद्धा दोनदा मागून घेतली, आणि रस्ताभर मला ऐकवलं, “बघा मास्तर, जग बदलतं. फक्त कुणाला तरी उठून उभं राहावं लागतं.”

अशा माणसानं घर घ्यावं ते नेमकं नवीन पनवेलात! म्हणजे आकड्यांच्याच गावात. सेक्टरला नंबर, प्लॉटला नंबर, बिल्डिंगला नंबर, खोलीला नंबर. साडूभाऊंनी महिन्याभरात सगळ्या परिसराचं बारसं करून टाकलं. बदामाचा सेक्टर, कुत्र्यांचा चौक, ओल्या कपड्यांची बिल्डिंग. नावं चोख होती, फक्त ती त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी निघालो तेव्हा फोनवर त्यांनी अशीच वाट सांगितली, आणि मी भर उन्हात एका रिक्षावाल्याला विचारलं, “दादा, कुत्र्यांचा चौक कुठं आला?” तो तंबाखू मळता मळता म्हणाला, “साहेब, हितं सगलेच चौक कुत्र्यांचे हायत.” त्या दिवशी जेवण थंड झालं. पण जेवताना साडूभाऊ मला पटवून देत होते की चूक नावात नाही, प्रचारात आहे.

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडं येतो. जगभरची हौशी मंडळी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितात, फुकट वाटतात, आणि साडूभाऊंच्या पेट्यांत तीच चालते. तिच्या अगदी आतल्या गाभ्यात काही बिनसलं की यंत्र मरता मरता पडद्यावर चार ओळी खरडून जातं. त्या ओळींत काय असतं? आकडे! तेही साधे नव्हेत. शून्यानं सुरू होणारे, आणि मध्येच इंग्रजी अक्षरं घुसलेले. मला हे कळावं म्हणून साडूभाऊंनी माझ्या घरच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड दाखवला. “समजा मास्तर, ही आठ बटणं. पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अशी दुप्पट दुप्पट. जी चालू असतील त्यांची बेरीज करायची. आता मी विचारलं, घरात काय काय चालू आहे, आणि तुम्ही म्हणालात, सदतीस. मी काय समजायचं?” मी म्हटलं, “की मला वेड लागलंय.” ते आनंदानं ओरडले, “बरोबर! सदतीस म्हणजे पहिलं, तिसरं आणि सहावं. पण हे मरणाऱ्यानं आपल्याला कोड्यात का सांगावं? सरळ सांग ना बाबा, पंखा चालू, देवघराचा दिवा चालू, गिझर चालू!” त्या बटणांना ते लोक फ्लॅग म्हणतात. साडूभाऊंचं म्हणणं इतकंच होतं की गाभ्यानं बेरीज छापू नये, चालू असलेल्या फ्लॅगांची नावं छापावीत. हे बोलताना त्यांनी माझा गिझर सहा वेळा चालूबंद केला.

आणि हे नुसतं म्हणून थांबतील तर ते साडूभाऊ कसले! त्यांनी साठ-सत्तर ओळी लिहिल्या आणि त्या, कुणाची दुरुस्ती घ्यायची ते ठरवणाऱ्या एका दूरदेशीच्या पंचाकडं मेलनं पाठवल्या. असा रिवाज आहे म्हणे. कुणीही लिहावं, चारचौघांत पाठवावं, आणि चारचौघांनी चिरफाड करावी. पहिल्यांदा ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली म्हणून परत आलं. दुसऱ्यांदा पत्राचा मथळा लांब झाला म्हणून. तिसऱ्यांदा मात्र त्या पंचानं वर्मावर बोट ठेवलं. त्यानं लिहिलं होतं: तुमची नावांची यादी एकीकडं आणि फ्लॅग दुसरीकडं. उद्या कुणी मध्येच नवा फ्लॅग घातला आणि यादी बदलायला विसरला, की पुढची सगळी नावं चुकतील. आकडा समजायला कठीण असेल, पण तो खोटं बोलत नाही. तुमची नावं एक दिवस खोटं बोलतील. येत्या पंधरवड्यात याचं उत्तर असेल तर पाठवा, नाहीतर हा विषय आम्ही मिटवतो.

साडूभाऊंना हे फार लागलं. तो कागद त्यांनी छापून शर्टाच्या खिशात ठेवला आणि येताजाता काढून वाचू लागले. दोन वर्षांचे रविवार त्यांनी यात घातले होते. कारखान्यात साहेब हसत, घरी त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, रुसे, आणि आता पंचेचाळिशीत जर हे फेटाळलं गेलं तर पुन्हा म्हणून हात लावायचा नाही असं त्यांनी ताईला वचन देऊन टाकलं. “यंदा नाही घेतलं तर लॅपटॉप माळ्यावर. रविवारी माणसासारखा घरात बसेन.” ताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “भावोजी, रविवारी हे घरात मोकळे बसले तर माझ्या डब्यांचं काय होईल हो?” कारण घरातल्या प्रत्येक डब्यावर एव्हाना चिठ्ठी होती, आणि मिठाच्या डब्यावर ‘मीठ, जाडं, अर्धं’ असं लिहिलेलं होतं. तिची थट्टा चालली होती, पण डोळ्यांत काळजी होती. मलाही होती. उत्तर सापडेना, आणि पंधरवड्यातले दहा दिवस उलटले.

अकराव्या दिवशी रविवार होता आणि सासूबाई येणार होत्या. सासूबाई म्हणजे उरणकडच्या, मिठागरावर उभा जन्म काढलेल्या. आवाज असा की खाडीच्या पल्याडचा माणूस वळून बघेल. जावयांचा त्या आदर करत, पण साडूभाऊंच्या नोकरीविषयी त्यांना पहिल्यापासून शंका. दर भेटीत विचारत, “जावय, तुमी नक्की करता काय?” साडूभाऊ दर भेटीत समजावत आणि त्या दर भेटीत म्हणत, “म्हंजे टायपिंग.” तर त्या दुपारी आम्ही चौथ्या मजल्यावर ताटं मांडून वाट बघत होतो. सासूबाई सुकटीची भली मोठी पिशवी घेऊन खाली लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. इतक्यात जिन्यातून सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज वर चढत आला, “गच्चीचे दिवे भरदिवसा चालू ठेवलेत! बंद केले हो!” आणि खट्. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली.

आम्ही धावलो. जाळीतून सासूबाईंची पावलं आमच्या डोळ्यांसमोर, आणि सगळ्या जिन्यात सुकटीचा दरवळ. सेक्रेटरी खाली मीटररूममध्ये. तिथं बटणांची एक उभी रांग होती आणि पेटीच्या झाकणावर तिच्यासमोर नावांची सुबक यादी: गेट, पंप, बाग, लिफ्ट, गच्ची, जिना. यादी कुणी लावली होती हे सांगायला नकोच. सेक्रेटरींनी यादीत ‘लिफ्ट’ बघून तिच्यासमोरचं बटण खाली-वर केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. “मोटर जळली!” त्यांनी जाहीर केलं आणि लिफ्टवाल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, कळंबोलीत आहे, तासाभरात निघतो. ताई रडायला लागली. साडूभाऊ जाळीला धरून म्हणाले, “आई, घाबरू नका.”

“घाबरतंय कोन?” आतून आवाज आला. “पन जावय, मला येक सांगा. तो बाबा ‘गच्ची बंद केली’ बोलला ना, तवाच मी थांबले. त्याच टायमाला. मंग त्यानं गच्ची बंद केली का मला बंद केली?”

“आई, गच्चीचं बटण वेगळं असतं.”

“कागदावर वेगलं असंल. तुमच्या कागदावर गच्ची लिवलंय ना, ती गच्ची म्हंजे मी हाय!”

साडूभाऊंचा हात जाळीवरच थिजला. गेल्या आठवड्यात वायरमन येऊन गेला होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. नव्या कॅमेऱ्यांसाठी त्यानं पंपाखाली एक बटण घातलं होतं, आणि वायर तिथवरच पुरत होती म्हणून खालची सगळी बटणं एकेक घर खाली सरकवली होती. यादी मात्र जागच्या जागी! म्हणजे ‘लिफ्ट’समोर आता बाग होती आणि ‘गच्ची’समोर लिफ्ट. आपल्याच हातची नावं खोटं बोलत होती. त्या पंचानं सातासमुद्रापलीकडून लिहिलेलं सासूबाईंनी मजल्यांच्या मध्ये लटकून सिद्ध करून दाखवलं होतं.

दुसरा कुणी असता तर शरमेनं खाली मान घालून जिना उतरला असता. साडूभाऊ “सापडलं!” म्हणून किंचाळले आणि वर पळाले! वर, लॅपटॉपकडं! “अहो, आई आत आहे!” ताई ओरडली. जिन्याच्या वळणावरून उत्तर आलं, “मास्तर, पाचवं बटण वर करा! नाव बटणालाच चिकटवायचं, मास्तर, बटणालाच! बटण सरकलं की नाव बरोबर सरकेल!” मी तीन-तीन पायऱ्या टाकत खाली गेलो, सेक्रेटरींना बाजूला सारलं आणि ‘गच्ची’समोरचं पाचवं बटण वर केलं. लिफ्ट गुरगुरली आणि सासूबाई वर गेल्या. एवढा आनंद मला बी.एड. पास झाल्यावरही झाला नव्हता.

चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा साडूभाऊ ताटासमोर बसून एका हातानं भात कालवत होते आणि दुसऱ्या हातानं टाइप करत होते. वेगळी यादी त्यांनी मोडून टाकली होती. आता प्रत्येक फ्लॅग आणि त्याचं नाव एकाच ओळीत, शेजारी शेजारी; आणि कुणी बिननावाचा फ्लॅग आत घातलाच तर गाभा तयार व्हायलाच नकार देईल अशी मेख मारून ठेवलेली. सासूबाई समोर बसून निवांत जेवत होत्या. एकाएकी साडूभाऊ थांबले. त्या मंडळींचा आणखी एक रिवाज आहे. दुरुस्तीच्या पत्राखाली चूक कुणी कळवली त्याचं नाव लिहायचं, आणि ते कायम राहतं. साडूभाऊंनी मान वर केली आणि विचारलं, “आई, तुमचं नाव काय?”

“आता इचारता? वीस वरसं झाली तुमाला जावय होऊन.”

“इथं घालायचंय. चूक तुम्ही पकडलीत. खरं नाव लागतं.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “खरं म्हंजे कंचं? बापानं ठेवलेलं, का लग्नात तांदलात लिवलेलं?”

त्यांचं नाव लक्ष्मीबाई. रेशनकार्डावर तेच, सातबाऱ्यावर तेच. त्याआधी त्यांना दुसरं नाव असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि ताईच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की लेकीनंही ते कधी विचारलेलं नाही. साडूभाऊ मात्र अजिबात गोंधळले नाहीत. हा तर त्यांचाच प्रांत! “ज्या नावानं हाक मारली तर तुम्ही मागं वळून बघाल, ते सांगा.”

“चांगुणा,” सासूबाई म्हणाल्या. “चांगुणा बाळाराम.” आणि त्या पदराआड अशा हसल्या की मला पहिल्यांदाच त्या कधीकाळी लहान असतील असं वाटलं.

पत्र त्याच दुपारी गेलं. पुढचे तीन दिवस साडूभाऊंनी मला एकही शोध कळवला नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. चौथ्या दिवशी मी सातवी ‘ब’ला कोकणातल्या नद्या शिकवत होतो. कुंडलिकेपर्यंत आलो तोच खिडकीत साडूभाऊंचं डोकं उगवलं. डोक्यावर हेल्मेट तसंच. “मास्तर! घेतलं!” त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातून पर्यवेक्षक बाहेर आले. “काय घेतलं, सर?” पोरांनी मला विचारलं. मी म्हटलं, “टाळ्या वाजवा, मग सांगतो.” पंचेचाळीस पोरांनी बाकं दणाणून सोडली आणि आमचे साडूभाऊ खिडकीबाहेर उभे राहून ढसाढसा रडले. मी शिकवायचं सोडून त्यांच्याकडं बघत राहिलो. त्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला की खडू केव्हा मोडला ते कळलं नाही.

शाळा सुटताच त्यांच्या स्कूटरवरून आम्ही उरणकडं सुटलो. सासूबाई अंगणात सुकटीवर जाळी पसरत होत्या. साडूभाऊंनी फाटकातूनच हाक मारली, “चांगुणाबाई!” आणि त्या खरंच गर्रकन वळल्या. बातमी ऐकून त्यांनी विचारलं, “म्हंजे माजं नाव कुठं कुठं जानार?” साडूभाऊ म्हणाले, “जगात जिथं जिथं या गाभ्याचा इतिहास कुणी उघडेल, तिथं तिथं.” त्यांनी जाळीचं टोक दगडाखाली नीट दाबलं. “माज्या बापाला कळाया पायजे व्हतं,” म्हणाल्या, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. पुन्हा कधी त्यांनी ‘म्हंजे टायपिंग’ म्हटलं नाही.

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं झाली. गावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘लक्ष्मीबाई’. जगातलं प्रत्येक चुकीचं नाव दुरुस्त करणारे साडूभाऊ त्या फलकाखाली उभे होते. मला वाटलं, आता खिशातून पेन निघणार. निघालं नाही. नुसतं म्हणाले, “हेही त्यांचंच होतं, मास्तर.” एवढं शहाणपणाचं वाक्य त्यांच्या तोंडून मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. त्यानंतर माझ्याकडं रोजच्या शोधांचे फोन जरा कमी झाले. मला ते चुकल्यासारखं वाटतं. मी कधी कधी मुद्दामच विचारतो, “साडूभाऊ, सदतीस म्हणजे काय हो?” मग ते उत्साहानं पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. मीटररूममध्ये आता झाकणावर यादी नाही. प्रत्येक बटणावर त्याची त्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे. पाचव्या बटणावर साडूभाऊंनी त्या वेळी ‘लिफ्ट’ लिहून खाली बारीक अक्षरांत कळवणारीचं नाव लिहिलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांची बोटं लागून वरचा शब्द केव्हाच पुसला गेलाय, खालचा तेवढा राहिलाय. नव्या वॉचमनला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. मी जिन्याकडं वळलो तशी त्यानं मीटररूममधून मान बाहेर काढली आणि म्हणाला, “काका, जिना कशाला चढता? चांगुणा चालू हाय.”